‘दी’ म्हणजे ऊर्फ: क्वेबेकमधले फ्रेंच पूर्वज कसे शोधायचे

माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव लाविन्य. त्यांची वंशावळ काढायला मी हौसेने बसले आणि दोनशे वर्षं मागे गेल्यावर गाडी अडली. लाविन्य नावाच्या एका शेतकऱ्याचं लग्न सापडलं, पण त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठेच नाही. चार महिने मी आसपासच्या गावांमधल्या चर्चची दप्तरं पालथी घातली. शेवटी वैतागून तीच लग्नाची नोंद पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचली. वराच्या बापाचं नाव तिथे सरळ लिहिलेलं होतं: ‘रिवार दी लाविन्य’. मधल्या तीन अक्षरी शब्दावरून माझी नजर दर वेळी घसरून गेली होती. मुलाचा बाप्तिस्मा रिवार या नावाने झाला होता आणि तो दहा मिनिटांत सापडला.

हा ‘दी’ म्हणजे आपला ऊर्फ. फ्रेंचमध्ये डी, आय, टी अशी तीन अक्षरं लिहितात, शेवटचं उच्चारत नाहीत. बाईच्या नावात त्याचं ‘दीत’ होतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पूर्वज शोधायला बसणाऱ्या नव्या माणसाला एकच शब्द शिकवायचा झाला, तर मी हा शिकवीन.

कॅनडा-अमेरिकेत आता आपल्या बऱ्याच घरांत फ्रेंच-कॅनेडियन सून किंवा जावई आहे. मुलांची अर्धी वंशावळ आपल्याला ठाऊक असते, उरलेली अर्धी या दप्तरांत असते. फ्रेंच येत नसलं तरी काम अडत नाही. नोंदी ठरावीक साच्यातल्या असतात आणि पन्नासेक शब्द पाठ झाले की बहुतेक कागद वाचता येतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

क्वेबेक शहर शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्द्याने १६०८ मध्ये वसवलं. पॅरिसचा औषधविक्या लुई एबेर १६१७ मध्ये बायको मारी रोले आणि मुलांना घेऊन आला, ते इथलं पहिलं शेतकरी कुटुंब मानतात. त्र्वा-रिविएर १६३४ मधलं, माँट्रियल १६४२ मधलं. पण माणसं फार थोडी होती. जां तालों या प्रशासकाने १६६६ मध्ये केलेल्या जनगणनेत डोकी भरली फक्त ३,२१५. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी.

माणसं वाढली ती मुख्यतः दोन लाटांनी. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे १,२०० शिपाई आले, त्यातले चारेकशे इथेच राहिले. आणि १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पावणेआठशेच्या आसपास मुली लग्नासाठी पाठवल्या गेल्या. त्यांना ‘फीय द्यु र्वा’, म्हणजे राजाच्या मुली म्हणतात. जुन्या क्वेबेकी घराण्यात यांच्यापैकी एखादी आजी निघाली नाही असं क्वचितच होतं. १७६३ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला, तरी चर्चची दप्तरं फ्रेंचमध्येच आणि त्याच पद्धतीने चालू राहिली. म्हणूनच चारशे वर्षांची साखळी आज हाती लागते.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवा

सुरुवात घरातून करा. क्वेबेकी घरांत माणूस गेल्यावर त्याचा फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एखादी प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड वाटण्याची पद्धत होती. वयस्कर बायका ही कार्डं प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवतात. सासूबाईंच्या पुस्तकातून अशी तीसएक निघाली. मग दफनभूमीत जा. तिथल्या दगडांवर नवऱ्याच्या नावाखाली ‘एपूझ द’, म्हणजे अमक्याची पत्नी असं लिहून तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा कोरलेलं असतं.

वयस्कर माणसांना तारखा विचारू नका. त्या त्यांना आठवत नाहीत, आणि आठवल्या तरी चुकीच्या असतात. गाव विचारा, चर्च विचारा, ‘तुमच्या आजीचं लग्न कुठल्या गावात झालं’ हे विचारा. तुम्हाला गाठायचं आहे ते आजी-आजोबांचं किंवा पणजोबांचं लग्न, कारण पुढचा सगळा प्रवास लग्नांच्या नोंदींवरून होतो.

दुसरी पायरी: लग्नावरून लग्नावर

नवखा माणूस जन्मनोंदी शोधत बसतो. इथे लग्न शोधायचं. कॅथलिक चर्चच्या लग्नाच्या नोंदीत वराचे आई-बाप आणि वधूचे आई-बाप अशी चौघांची नावं असतात, आणि दोन्ही आयांची नावं माहेरच्या आडनावानिशी असतात. म्हणजे एक नोंद मिळाली की मागची दोन जोडपी मिळाली. मग त्या दोन जोडप्यांची लग्नं शोधायची, त्यातून चार. बाप्तिस्मा आणि दफन नंतर भरता येतात.

हे जमतं ते एका रिवाजामुळे. फ्रेंच कायद्यात बाईचं आडनाव लग्नाने बदलत नव्हतं. शेजारीपाजारी तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील, पण बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत प्रत्येक कागदावर ती बापाच्याच आडनावाची. इथल्या कायद्यात आजही तेच आहे. १९८१ पासून क्वेबेकमध्ये लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव लावण्याची सोयच ठेवलेली नाही. पुण्याच्या माझ्या मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग माप ओलांडलं कशाला?” आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं जातं, आडनावाबरोबर पहिलं नावही जातं. त्या तांदळाने आपल्या किती पणज्या पुसल्या, ते इकडची दप्तरं वाचताना कळतं.

एक नोंद जवळून पाहू. अठराव्या शतकातली लग्नाची नोंद साधारण अशी चालते: अमुक साली, अमुक दिवशी, तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा झाल्यानंतर, ‘अमक्याचा आणि दिवंगत अमकीचा मुलगा, या गावचा’ एकीकडून आणि ‘अमक्याची आणि अमकीची मुलगी, शेजारच्या गावची’ दुसरीकडून, यांनी परस्पर संमती दिली, साक्षीदार अमुक अमुक, वर-वधूने सही येत नसल्याचं सांगितलं. खाली पाद्र्याची सही.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. नावाआधी ‘फ’ (स्त्रीलिंगीही उच्चार तोच) किंवा ‘देफं’, ‘देफंत’ असेल तर ते आपलं कै. म्हणजे त्या तारखेआधी ते माणूस वारलेलं आहे, दफनाची नोंद मागे शोधा. ‘माजर’ म्हणजे सज्ञान, आणि फ्रेंच अमदानीत सज्ञान होण्याचं वय २५ होतं, १८ नव्हे. त्यावरून जन्मसाल ताडता येतं. ‘दिस्पांस’ म्हणजे सूट. तो शब्द नात्याच्या ‘अंशा’बरोबर दिसला तर कान टवकारा: वधूवर एकमेकांचे नातलग आहेत आणि चर्चने खास परवानगी दिली आहे. ‘तिसऱ्या अंशाची’ सूट म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच, ‘चौथ्या’ची म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी एकच. एखादी वाट बंद झाली असेल तर हीच सूट ती उघडून देते.

आणि एक खड्डा सांगून ठेवते. विधुर किंवा विधवा पुन्हा लग्न करत असेल, तर नोंदीत बहुतेक वेळा आई-बापांची नावंच नसतात. तिथे फक्त ‘अमकीचा विधुर’, ‘अमक्याची विधवा’ असतं. त्या काळात माणसं लवकर मरत आणि उरलेला जोडीदार वर्षाच्या आत पुन्हा उभा राही, त्यामुळे असे कागद भरपूर. अशा वेळी हताश न होता पहिलं लग्न शोधा, आई-बाप तिथे सापडतील.

कुठे शोधायचं

फॅमिलीसर्च या फुकट संकेतस्थळावर क्वेबेकच्या कॅथलिक चर्चची दप्तरं १६२१ पासूनची, पानापानाच्या छायाचित्रांसह आहेत. द्रुएं संस्थेने १९४० च्या दशकात दप्तरांच्या प्रचंड फिल्म काढल्या. तो संग्रह वर्गणी भरून पाहता येतो आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यासाठी सोयीचा पडतो. माँट्रियल विद्यापीठाने १९६६ मध्ये सुरू केलेला लोकसंख्या-इतिहासाचा प्रकल्प आहे, त्याला सगळे ‘पेअरदेआश’ या आद्याक्षरांनी ओळखतात. तिथे १८४९ पर्यंतच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांतली माणसं कुटुंबवार जोडून ठेवली आहेत. थोडे पैसे जातात, पण ते मी नाटक-सिनेमाच्या खर्चात धरते.

छापील ग्रंथांत सिप्रियें तांगे या पाद्र्याचा सात खंडांचा वंशकोश (१८७१ ते १८९०) प्रसिद्ध आहे. मोठं काम, पण चुका बऱ्याच. रने जेते यांचा १९८३ चा कोश १७३० पर्यंतचाच असला तरी जास्त भरवशाचा.

इंटरनेटवर लोकांनी चढवलेल्या तयार वंशावळींबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. त्या वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. एकाने केलेली चूक पन्नास जणांनी उतरवलेली असते, आणि पन्नास ठिकाणी तेच दिसलं की आपल्याला ते खरं वाटायला लागतं. मूळ पान उघडून स्वतः वाचलं नाही, तोवर ते नाव पेन्सिलीने लिहा.

दप्तरांच्या दोन प्रती करायचा नियम होता, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. त्यामुळे एक जळाली तरी दुसरी पाहता येते. क्वेबेकचं चर्च १६४० मध्ये जळालं तेव्हा मात्र पहिली दप्तरं गेली, ती लोकांच्या आठवणींवरून पुन्हा लिहून काढावी लागली.

तिसरी पायरी: ऊर्फची गुंतागुंत

आता मूळ मुद्द्यावर येते. एकाच घराण्याला दोन आडनावं का?

पहिलं कारण पलटण. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असायचं आणि ते कागदोपत्री चढायचं. एकाच तुकडीत पाच जां आणि चार पिएर असल्यावर दुसरं काय करणार? ही नावं ऐकण्यासारखी आहेत. सां-सुसी म्हणजे बिनघोर. लाज्यनेस म्हणजे तारुण्य. लातुलिप म्हणजे ट्यूलिपचं फूल. त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर चिरणारा, आणि असा माणूस बहुधा सगळ्यात किरकोळ अंगाचा असणार असा माझा संशय आहे. आणि माझी आवडती दोन: जोलीकर आणि वादबोंकर. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, ही मंडळी मालवणची. पण इथला ‘कर’ म्हणजे काळीज. जोलीकर म्हणजे गोड काळजाचा, वादबोंकर म्हणजे खुशाल मनाने चालू लागणारा.

दुसरं कारण मुलूख. आंजूहून आलेला तो लांजवें, पिकार्दीचा तो लपिकार, सेंतोंजचा तो सेंतोंज. क्वेबेकची लढाई ज्या पठारावर १७५९ मध्ये झाली, त्या अब्राहमच्या माळाला ज्याचं नाव आहे तो आब्राम मार्तें ‘दी लेकोसे’ होता, म्हणजे ‘ऊर्फ स्कॉटिश’.

तिसरं कारण जमीन, आणि हे आपल्याला समजावून सांगायला नको. माझ्या चुलत आजोबांनी मुंबईला नोकरी लागल्यावर कुलकर्णी टाकून गावावरून आडनाव लावलं. आज त्यांची नातवंडं आणि आम्ही एका कुळातले आहोत, हे दोन्हीकडच्या पोरांना माहीतही नाही. रिवारांचं तसंच झालं. फ्रान्सच्या पर्श भागातल्या तुरुव्र गावाहून निकोला आणि रोबेर हे दोघे भाऊ आले आणि बातिस्कां गावाच्या बाजूला स्थिरावले. निकोला झाला रिवार दी लाविन्य, रोबेर झाला रिवार दी लोरांजे. पुढच्या पिढ्यांत फांद्या फुटत गेल्या: लानुएत, लाकुर्सिएर, द्युफ्रेन, बेलफय. आज यातली बरीच आडनावं रिवारशिवाय एकटी फिरतात.

हाताळण्याची रीत अशी. एका कागदावर दोन्ही आडनावं असतील, दुसऱ्यावर फक्त पहिलं, तिसऱ्यावर फक्त दुसरं. सख्खे भाऊ वेगवेगळी लावतील. एकच माणूस लग्नात एक आणि दफनात दुसरं लावेल. म्हणून आडनावाच्या मागे धावू नका, जोडीला धरा. नवरा-बायकोच्या पहिल्या नावांची जोडी आणि बायकोचं माहेर हे तिन्ही जुळलं, तर नवऱ्याचं आडनाव वेगळं दिसलं तरी तेच घर. माझी चार महिन्यांची वणवण या एका वाक्यात वाचली असती.

शोधयंत्रात नाव टाकताना दोन्ही आडनावं स्वतंत्रपणे टाका. त्या त्या घराण्याच्या ऊर्फांच्या याद्या तयार मिळतात, त्याही पाहा. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दुहेरी नावं मोडून एकच उरलं. इथे गल्लोगल्ली ज्याच्या नावाची पतपेढी दिसते त्या आल्फोंस देजार्दांचंच पाहा. तो १८५४ मध्ये लेव्हीला जन्मला. बाप फ्रांस्वा र्वा दी देजार्दां, आई क्लारिस मिविल दीत देशेन. मुलाच्या वेळेपर्यंत ‘र्वा’ गळून गेलं होतं. त्याच्या पूर्वजांना देजार्दां म्हणून शोधणारा अर्ध्या वाटेत थांबेल.

अमेरिकेत गेलेल्या शाखांचा आणखी एक वळसा आहे. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख माणसं गिरण्यांमध्ये कामाला सीमेपलीकडे गेली. तिथे नावांची भाषांतरं झाली. र्वा म्हणजे राजा, म्हणून किंग. लब्लांचा व्हाइट. ब्वावेरचा, म्हणजे हिरव्या रानाचा, ग्रीनवुड. काहींचं भाषांतर न होता कानाला ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. न्यू इंग्लंडमधला ग्रीनवुड आजोबा फ्रेंच असू शकतो हे लक्षात असू द्या.

आणि ‘दी’ व ‘द’ यांत गल्लत करू नका. ‘द’ किंवा ‘सिअर द’ लावणारा प्रत्येक जण सरदार नव्हता. जमिनीचा तुकडा असला की पुरे. सासऱ्यांकडच्या एका काकांना आपण उमरावांचे वंशज असल्याची पक्की खात्री होती. मूळ पुरुष चुनेगच्ची करणारा गवंडी निघाला, तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

चौथी पायरी: पहिली नावं आणि त्यातल्या फसव्या जागा

मूल जन्मलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा. आपल्यासारखी बाराव्या दिवसाची वाट पाहत नसत. म्हणून नोंदीची तारीख बाप्तिस्म्याची असते आणि आत ‘ने द्येर’, म्हणजे काल जन्मलेला, असे शब्द सापडतात. मूल अशक्त असेल तर सुईण घरीच पाणी शिंपडून घ्यायची. अशा मुलापुढे ‘ओंद्वाये’ लिहितात.

बारशाला आपल्याकडे आत्या कानात नाव सांगते. इथे ते काम धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे पारें आणि मारेन यांचं. मुलाला पुष्कळदा त्यांचंच नाव मिळायचं. हे दोघे बहुधा जवळचे नातलग, काका, मामा, मावशी, मोठी बहीण. नोंदीतल्या पारें-मारेनची नावं टिपून ठेवाच. एखाद्या आईचं माहेर सापडत नसेल, तर तिच्या सहा मुलांच्या धर्ममाता पाहा, त्यात तिच्या बहिणी दिसतील.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोझेफ आणि प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी लावायची पद्धत पक्की झाली. मग धर्मपित्याचं नाव, आणि शेवटी रोज हाक मारायचं नाव. म्हणजे ‘जोझेफ लुई आल्फ्रेद’ला घरात आल्फ्रेद म्हणायचे आणि जनगणनेत तो आल्फ्रेद म्हणूनच सापडेल. एका घरात सात मारी दिसल्या तर घाबरू नका, शेवटचं नाव पाहा.

खरा चकवा वेगळाच आहे. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. मी एका पूर्वज आजीचा बाप्तिस्मा शोधून काढला, तारीख लिहून टाकली, आणि नंतर पाहते तर ती मुलगी अडीच वर्षांची असताना वारलेली. आपली आजी ती नव्हे, चार वर्षांनी जन्मलेली तिची धाकटी बहीण, तीही मारी-आन. म्हणून बाप्तिस्मा सापडला की पुढच्या दहा वर्षांतली दफनं चाळायची सवय लावून घ्या.

पाचवी पायरी: अक्षर आणि तारखा

जुनं फ्रेंच अक्षर पाहून पहिल्या दिवशी मोडी पाहिल्यासारखं वाटतं. इलाजही मोडीचाच: ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करा, त्याच पाद्र्याची वीस पानं सलग वाचा, हात ओळखीचा झाला की अक्षर लागतं. जुना लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. यू आणि व्ही, आय आणि जे ही जोड्यांनी अदलाबदल होतात. स्पेलिंगला कुणी विचारत नसे. गोतिए हे एकच आडनाव एका पानावर तीन तऱ्हांनी आढळेल. मोठ्याने वाचा, उच्चार एकच निघाला तर माणूस एकच.

तारखांत एक सापळा आहे, पण मराठी माणसाने त्यात पडायचं कारण नाही. पाद्री महिना आखडून ‘७ब्र’ असं लिहितात. मी तो सातवा महिना, जुलै समजले होते. तो सप्टेंबर. ८ब्र म्हणजे ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, १०ब्र डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश म्हणून पाहा, पुन्हा विसरणार नाही. रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होत असे, तेव्हाची ही नावं आहेत.

सहावी पायरी: नोटरीचे कागद

चर्चची दप्तरं सांगाडा देतात, अंगावर मांस चढतं ते नोटरीच्या कागदांनी. फ्रेंच अमदानीत पॅरिसचा रूढीकायदा इथे लागू होता आणि साधा शेतकरीसुद्धा लग्नाआधी नोटरीपुढे करार करायचा. त्यात नातलगांची लांबलचक हजेरी असते, कोण कुणाचा मामा, कुणाचा मेहुणा हे लिहिलेलं असतं. कुणी गेलं की घरातल्या वस्तूंची यादी व्हायची: दोन लोखंडी पातेली, एक फुटकी किटली, जुनी रजई, तीन गाई, त्यातली एक आंधळी.

माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे म्हाताऱ्या आई-बापांनी मुलाच्या नावे शेत करून देण्याचा. बदल्यात मुलाने त्यांना जन्मभर सांभाळायचं. ‘सांभाळायचं’ यावर कुणाचाही भरवसा नसे, म्हणून सगळं मोजून लिहीत. वर्षाला इतके माप गहू, एक पोसलेलं डुक्कर, लोणी, कापून फोडून दारात आणून टाकलेलं सरपण, रविवारी चर्चला जायला गाडी, आजारपणात वैद्य आणि पाद्री, मेल्यावर ठरावीक प्रार्थना. आणि एक दुभती गाय, ‘जी मरत नाही’. म्हणजे गाय मेली तर मुलाने लगेच दुसरी आणून बांधायची. हे कलम वाचून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, माझ्या मृत्युपत्रात असं काहीतरी हवं होतं.

हे कागद क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्याला सगळे नुसतं ‘बांक’ म्हणतात. नोटरीचं नाव आणि तारीख माहीत असेल तर सरळ त्याच्या दप्तरात जा, नसेल तर ‘पार्शमें’ नावाची अनुक्रमणिका वापरा. अक्षर मात्र पाद्र्यांपेक्षा वाईट, हे आधीच सांगते.

या कागदांत गुलामही आहेत. आदिवासी कैद्यांना ‘पानीस’ म्हणत आणि त्यांची खरेदी-विक्री नोटरीपुढे होई. आफ्रिकेतून आणलेलेही होते. इतिहासकार मार्सेल त्र्युदेल यांनी अशी ४,००० हून अधिक माणसं दप्तरांतून मोजली. बाप्तिस्म्यात त्यांना मालकाने दिलेलं एक नाव, आई-बापाचा रकाना कोरा. अशा पूर्वजापाशी वंशावळ थांबते. तिथे अंदाजाने नावं भरू नका.

सातवी पायरी: समुद्र ओलांडताना

पहिला पूर्वज सापडला की त्याचं फ्रान्समधलं गाव शोधायचं. लग्नाच्या नोंदीत ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. ‘फिशिए ओरिजिन’ या फुकट संकेतस्थळावर आधी पाहा, अनेकांचे फ्रान्समधले कागद अभ्यासकांनी शोधून तिथे मांडले आहेत. मग त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराची स्कॅन केलेली दप्तरं बघा. पर्शमधल्या गावांसाठी बहुधा ऑर्न जिल्हा. १५३९ च्या राजाज्ञेनंतर बाप्तिस्म्याची दप्तरं ठेवायला सुरुवात झाली, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर आणखी दोन-तीन पिढ्या मिळतात.

तुमची माणसं अकादियातली, म्हणजे आजच्या नोवा स्कोशिया-न्यू ब्रन्सविककडची असतील, तर वाट बिकट आहे. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना देशोधडीला लावलं, गावं जाळली, दप्तरं पांगली. तिथल्या पोर-र्वायाल गावची १७०२ पासूनची दप्तरं मात्र वाचली. त्या लोकांत आडनावं इतकी कमी की ओळख पटवायला ‘जां आ पिएर आ पोल’ म्हणत: पोलच्या पिएरचा जां. स्वतःचं, बापाचं, आजोबांचं नाव. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं.

पुदुच्चेरी, रियुनियन किंवा १८१० पर्यंतच्या मॉरिशसमध्ये फ्रेंच पूर्वज असतील, तर फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोवांसच्या वसाहत अभिलेखागारापासून सुरुवात करा. १७७६ पासून वसाहतींच्या दप्तरांची एक प्रत फ्रान्सला पाठवायचा हुकूम होता. तिथे फ्रेंच क्रांतीनंतरचं वेगळं पंचांगही भेटेल. क्वेबेकमध्ये ती कटकट नाही, कारण क्रांतीच्या आधीच तो मुलूख फ्रान्सच्या हातून गेला होता.

कागदावर मांडताना

फ्रेंच लोक एक साधी अंकपद्धत वापरतात, सोझा नावाची. ज्याची वंशावळ, तो १. त्याचा बाप २, आई ३. पुढे कुठल्याही माणसाचा बाप म्हणजे त्याच्या आकड्याची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. त्यामुळे सम आकडे पुरुष, विषम आकडे बायका. आकडा पाहूनच नातं कळतं आणि कुठली जागा रिकामी आहे तेही कळतं.

मी मुलीला १ धरून तक्ता केला. नवरा २, मी ३. सासूबाई ५. त्यांच्या बाजूला दहा पिढ्या मागेपर्यंत विषम आकड्यांसमोरसुद्धा आडनावासकट नावं आहेत. माझ्या बाजूला १३ वर, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईपाशी, मी थांबले. तिचं सासरचं नाव लक्ष्मीबाई, हे सगळ्यांना माहीत. माहेरचं कुणालाच सांगता येईना. शेवटी सोलापूरला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, थांब, मला दोन दिवस दे. तिसऱ्या दिवशी फोन आला: “गोदी. गोदावरी. वडिलांकडे गोदी म्हणायचे तिला. आडनाव पाठक.”

१३ भरला. २७, म्हणजे गोदीची आई, अजून रिकामा आहे.